ब्रेकबाई आणि तिच्या दोघी

ब्रेकबाईचं खरं नाव तिच्या लायसन्सवर छापलेलं होतं, पण ते वाचायची पाळी आजवर एकाही पोलिसावर आली नव्हती, इतकी ती सरळ गाडी चालवायची. बाकी सगळे तिला ब्रेकबाईच म्हणायचे. ती लोकांना गाडी शिकवायची. तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसाच एक ब्रेक आणि एक क्लच तिच्याही पायाशी बसवलेला होता, आणि समोरचा माणूस घाबरून भलतंच काही दाबायला लागला की बाईचा पाय आपसूक पुढे जायचा. हा पाय पुढे जायचा रोग तिला घरीही होता. टीव्हीवर कुणी जोरात गाडी हाकली तरी सोफ्यावर बसल्या बसल्या बाई जमीन दाबायची. तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा आणि बायकोची थट्टा करायची एकही संधी सोडायचा नाही. "सोफ्याला एक ब्रेक बसवून देतो," तो म्हणायचा, "निदान फरशी तरी वाचेल."

बाईची शिकवायची एक रीत होती. पहिल्या दिवशी तिचं तोंड क्षणभर बंद नसायचं. आरसा बघा, क्लच हळू, गिअरकडे काय बघताय तो कुठे पळून जात नाही, रस्त्याकडे बघा, अहो रस्त्याकडे! मग जसजसा हात बसायचा तसतशी ती कमी बोलायची. आणि ज्या दिवशी पुलापासून चौकापर्यंत आणि चौकातून चढ चढून परत येईपर्यंत ती एक अक्षर बोलायची नाही, त्या दिवशी गाडीतून उतरताना म्हणायची, "जा, परीक्षेला बसा." तिनं असं सांगितलेला माणूस नापास झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे तिच्याकडे शिकलेले लोक एकमेकांना विचारायचे ते गाडी किती आली असं नाही, तर "काय, बाई गप्प बसल्या का?" असं.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण पुढे येईल. ब्रेकबाईनं आयुष्यात एक मोठी चूक केली आणि ती ह्या रीतीपायीच केली. दुसऱ्या कुणाच्या हातून ती झालीच नसती.

तिला जुळ्या मुली होत्या. एक आधी आली म्हणून थोरली आणि एक तिच्या पाठोपाठ आली म्हणून धाकटी. थोरली बडबडी आणि हट्टी. धाकटी ऐकून घेणारी, आणि ऐकलेलं कधीही न विसरणारी. सात वर्षांच्या असताना बाईनं त्यांना एका दातांच्या दवाखान्याखालच्या तळघरात बॅलेच्या वर्गाला घातलं. तुम्ही म्हणाल, काय हौस! हौस कसली आलीय? त्या वेळेला तिचा एक शिकाऊ यायचा आणि तळघर त्याच्या घरासमोर होतं, इतकीच सोय. घराण्यात आजवर कुणी टाळीच्या तालावर पाय आपटला नव्हता. पण दोन वर्षांनी तळघरातल्या शिक्षिकेनं बाईला थांबवून घेतलं आणि म्हणाली, "ह्या दोघींना मोठ्या शाळेत दाखवा. माझ्याकडे वाया जातील."

मोठी शाळा म्हणजे नाचाचीच शाळा. सकाळी गणित, भाषा, शास्त्र, आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत बॅले. मुलं तिथेच वसतिगृहात राहायची आणि शनिवारी घरी यायची. प्रवेशाच्या वेळी तिथल्या बायकांनी मुलींचे पाय कमरेतून वळवून बघितले, पावलांच्या कमानी चाचपल्या, पाठी वाकवल्या, आणि मग बाईकडे वळून तिलाही खालून वर न्याहाळलं, ही किती वाढली म्हणजे मुली किती वाढतील असा हिशोब करत. घोड्याच्या बाजारात उभं केल्यासारखं वाटलं तिला. पण दोघीही निवडल्या गेल्या तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं, आणि घरी येईपर्यंत तिनं एकाही रिक्षावाल्याला शिवी दिली नाही.

शनिवारी बाई मुलींना आणायला शाळेच्या फाटकाशी जायची ती आपली शिकाऊ गाडी घेऊनच, टपावर मोठ्या अक्षरांत 'शिकाऊ' लिहिलेली पाटी मिरवत. दोघी मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसायच्या, केसांतले आकडे काढून दारातल्या खाचेत टाकायच्या, आणि आठवडाभराचं भांडण तिथून घरापर्यंत पुरवायच्या. बाईच्या शिकाऊंना सोमवारी त्या खाचेत हात घातला की आकडे टोचायचे.

अशी चार वर्षं गेली. मुली चौदाव्या वर्षात आल्या, आणि घरात कुणी मोठ्यानं न बोलता सगळ्यांच्या मनात एकच विषय सुरू झाला. त्या शाळेचा नियम असा की चौदाव्या वर्षाच्या शेवटी मुली वरच्या विभागात जायच्या, नाहीतर शाळा सोडायची. मधलं काही नाही. आणि सोडायची वेळ आली तर दुसरी शाळा आधीच बघून ठेवायला हवी, कारण साध्या शाळांचे नववीचे वर्ग तोवर भरलेले असत. म्हणजे निकाल कळायच्या आधीच आईबापांनी ठरवायचं, आपलं मूल राहणार की जाणार. नवरा म्हणायचा, "अगं, दोघीही राहतील." पण म्हणताना तो तिच्याकडे न बघता हातातल्या पान्याकडे बघायचा.

त्या वर्षीचा पाहण्याचा दिवस आला. वर्षातून एकदाच पालकांना वर्गात बसून बघायला मिळायचं. याआधी दर वेळी काही ना काही आडवं आलं होतं, एकदा ताप, एकदा एका शिकाऊची परीक्षा, आणि बाईनं मुलींना वर्गात काम करताना कधी बघितलंच नव्हतं. या वेळी ती गेली. भिंतीकडेच्या ठेंगण्या बाकांवर पालक पाय आखडून बसले. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात हलवायचा नाही, मुलीनं तुमच्याकडे बघितलं तरी तुम्ही भिंत व्हायचं, असं त्यांना दारातच बजावलेलं होतं.

खोली मोठी, लाकडी जमिनीची. एका भिंतीला आरसे आणि बाकी दोन भिंतींना कमरेच्या उंचीवर लाकडी दांडे. कोपऱ्यात एका ट्रेमध्ये राळेचे पिवळे खडे. मुली आत येताना त्यात बुटांचे तळवे चुरचुर घासत होत्या, घसरू नये म्हणून. पियानोवर एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या शेजारी एक निवलेला चहा होता. मग मॅडम आल्या. ह्यांचं नाव बाईनं चार वर्षं शनिवारी मागच्या सीटवरून ऐकलेलं होतं, ते बहुतेक वेळा कुजबुजून. मनातल्या मनात तिनं कुणीतरी उंच, कडक बाई उभी केली होती. प्रत्यक्षात आल्या त्या बुटक्या, लोकरी जॅकेट घातलेल्या, जरा लंगडत चालणाऱ्या. त्यांनी नुसती मान हलवली आणि पियानो सुरू झाला.

आणि ब्रेकबाईच्या तोंडाचा आ झाला, तो मिटेचना.

नाच तिनं बघितला होता, रंगमंचावरचा, कपड्यातला, दिव्यातला. हे नाच नव्हतंच. एका हातानं दांडा धरून मुली गुडघे वाकवून खाली जात होत्या आणि वर येत होत्या, बस्स, एवढंच. पण त्या खाली जाण्यात कुठे घाई नव्हती, कुठे थांबणं नव्हतं, आणि सगळ्यांच्या पाठी एकाच दोरीत होत्या. ज्या पोरींना सकाळी उठवायला तीन हाका माराव्या लागतात, ज्यांच्या अंथरुणाखाली खाऊच्या कागदांचा उकिरडा असतो, त्याच ह्या? थोरलीनं पाय बाजूला उचलला तो कानाच्या रेषेत गेला आणि तिथे राहिला. तिच्या पोटरीतली एक बारीक शीर थरथरत होती, चेहरा मात्र असा की कुणाची तरी वाट बघत निवांत उभी आहे. हे मी जन्माला घातलंय? बाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही, कारण हात हलवायचा नव्हता.

तेवढ्यात मॅडम बोलल्या, "खांदा."

थोरलीचा उजवा खांदा जरासा चढला होता. दोघींचाही चढतो तो, बापावर गेलाय. खांदा खाली आला. "पुन्हा," मॅडम म्हणाल्या. मग "हनुवटी." मग "टाच पुढे, पुढे, आणखी." मग "हा पाय तुझा आहे का कुणाचा उसना आणलायस? पुन्हा." एकदा त्या थोरलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, तिच्या पाठीच्या मणक्यावर एक बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "इथून. पायातून नाही, इथून." थोरली लाल झाली होती. घाम तिच्या कानामागून खाली चालला होता.

मॅडम पुढे सरकल्या आणि धाकटीपाशी आल्या. तिच्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. पुढे गेल्या. पुन्हा फिरून आल्या, धाकटीपाशी थांबल्यासारख्या झाल्या, आणि पुन्हा काही न बोलता गेल्या. पूर्ण तासाभरात धाकटीला त्यांनी एक शब्द म्हटला नाही. बाईला एका गोष्टीचं हसू आलं, थोरलीला "खांदा" म्हटलं की पलीकडे धाकटीचाही खांदा खाली यायचा. जुळ्या त्या जुळ्याच, तिनं मनाशी म्हटलं.

घरी येईपर्यंत तिचा सगळा हिशोब मांडून झाला होता. नवऱ्याला तिनं बूट काढायच्या आधी सांगितलं.

"धाकटी पास आहे. त्या तिला एक अक्षर बोलल्या नाहीत. एक अक्षर! पुलापासून चौकापर्यंत गप्प."

"आणि थोरली?"

बाई खाली बसली. "थोरलीचं काही खरं नाही हो. क्षणभर सोडलं नाही तिला. टाच, खांदा, हनुवटी, पाठ. चौथ्या वर्षाला असं पहिल्या दिवसासारखी बोलणी खातंय पोरगं. आणि करत होती, काय मेहनत करत होती, तुम्ही बघायला हवं होतं. मला तर रडू येत होतं."

नवऱ्यानं पुष्कळ वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाला, "तुला यातलं कळतं. मला फ्रिजचं कळतं."

दुसऱ्याच दिवशी बाई घराजवळच्या साध्या शाळेत गेली. तिथल्या मुख्याध्यापिका तिच्याकडेच गाडी शिकल्या होत्या आणि चढावर गाडी मागे जाते ह्या भीतीनं एकदा तिच्या गळ्यात पडल्या होत्या. त्या आठवणीच्या जोरावर नववीची एक जागा थोरलीसाठी राखून झाली. मग बाई थोरलीचं मन सांभाळायला लागली. शनिवारी तिच्या ताटात आधी वाढायचं, तिच्या विनोदांना जरा जास्त हसायचं, "गणितात किती हुशार आहेस गं तू" असं उगाच म्हणायचं. थोरली बिचारी गोंधळून गेली. शेवटी म्हणाली, "आई, मला काही रोग झालाय का? सांगून टाक."

आणि धाकटीला बाईनं एका शनिवारी भांडी पुसता पुसता बाजूला घेतलं. तिला राहवलंच नाही. "एक सांगू? थोरलीला बोलू नकोस. मी बघितलं त्या दिवशी. मॅडम तुला काही बोलत नाहीत."

धाकटीच्या हातातलं फडकं थांबलं. "हो," ती म्हणाली.

"माझ्याकडे बघ. इतकी माणसं शिकवली मी. शिकवणारा गप्प बसतो ना, तेव्हा समजायचं की झालं. तुझी गाडी पास आहे, बाळा."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि आईचा चेहरा बघून मिटलं. मग हसली. "खरंच?" असं तिनं विचारलं, आणि ते तिनं असं विचारलं की बाईनं तिला उराशीच धरली.

निकालाच्या दिवशी पालकांना एकेक करून आत बोलावलं. बाई आणि नवरा दोघंही गेले. नवऱ्यानं शर्टाला इस्त्री केली होती, ती त्याच्या अंगावर परक्यासारखी दिसत होती. आत मॅडमच होत्या. त्यांनी वेळ घालवला नाही. थोरली वरच्या विभागात जाईल, म्हणाल्या, आणि ती फार पुढे जाईल असं मला वाटतं. धाकटीनं आता दुसऱ्या शाळेत शिकावं.

बाईला वाटलं त्यांनी अदलाबदल केली. जुळ्या आहेत, लोक करतात. "थोरली म्हणजे केसांना डावीकडे भांग पाडते ती," ती म्हणाली. "तुम्ही जिला सारखं बोलता ती."

"हो," मॅडम म्हणाल्या. "जिला बोलते ती."

आता बाईच्या पायाखालची जमीन सरकली, आणि जमीन सरकली की तिचं तोंड सुटायचं. "आणि जिला बोलला नाहीत ती? तासभर तुम्ही तिच्या समोरून फिरत होतात! पोरीला चूक सांगितली नाहीत तर ती सुधारणार कशी? माझ्याकडे कुणी चुकलं आणि मी बोलले नाही तर माणूस मरेल!"

नवऱ्यानं तिच्या हातावर हात ठेवला. मॅडमनी त्याला मानेनंच राहू द्या असं सुचवलं. त्या उठल्या, लंगडत टेबलाच्या ह्या बाजूला आल्या आणि बाईसमोर उभ्या राहून स्वतःच्या कमरेच्या सांध्यावर हात ठेवला. "पाय इथून बाहेर वळावा लागतो. तिचा एका जागेपर्यंत वळतो आणि मग हाडाला हाड लागतं. लहानपणी कळत नाही, वाढायला लागलं की कळतं. मी तिला 'टाच पुढे' म्हटलं असतं तर तिनं आणली असती. ती मुलगी सांगितलेलं करते. कंबर ऐकत नाही म्हणून तिनं गुडघ्यातून वळवली असती, आणि विसाव्या वर्षी माझ्यासारखी चालली असती. मला कुणी गप्प बसून वाचवलं नाही."

त्या बुटक्या बाईचा वाकडा पाय ब्रेकबाईनं आता नीट बघितला. ज्या गप्प बसण्याला ती शाबासकी समजली होती, ती धाकटीवरची माया होती, पाठवणीही होती, आणि ती दोन्ही एकाच वेळी होती. तिचा राग जिरला. पण एक कण राहिला, आणि तो तिनं गिळला नाही.

"कंबर हाडाची," ती म्हणाली. "खांदा तर हाडाचा नव्हता ना? तिचाही खांदा चढतो. एकदा खांदा तरी म्हणायचं होतंत."

मॅडमनी खिडकीकडे बघितलं. "हो," त्या हळूच म्हणाल्या. "खांदा म्हणायला हवं होतं."

मुलींना शाळेनं तोवर सांगितलेलं होतं. दोघी गाडीत आधीच येऊन बसल्या होत्या, थोरली रडून रडून सुजलेली आणि धाकटी कोरडी. नवरा पुढे बसला तो खिडकीबाहेर बघत. मग थोरली एकदम उसळली, "मीपण नाही राहणार तिथे. मला घरी यायचंय. जिथे तू ती शाळा."

"गप ए," धाकटी म्हणाली. "इतकं सगळं ऐकून घेतलंस आणि आता वाया घालवतेस होय?"

बाईनं आरशातून तिच्याकडे बघितलं. "धाकटे, तुझ्या आईची अक्कल गहाण पडली होती गं. मी तुला नको ते सांगितलं."

"मला माहीत होतं, आई."

"काय माहीत होतं?"

"की ते तसं नसतं. आमच्यात सगळ्यांना माहीत असतं. आम्ही म्हणतो, आज मला किती पडले. मॅडम बोलल्या की एक पडला. थोरलीला रोज इतके पडतात की सगळ्या तिच्यावर जळतात. मला आधी पडायचे. हिवाळ्यापासून एकही पडला नाही." ती थांबली. "पण तू इतकी खूश होतीस. आणि मला वाटलं, तू इतक्या लोकांना शिकवलंयस, तर कदाचित तुलाच बरोबर कळत असेल. थोडे दिवस मी तेच खरं धरलं."

गाडी बाईनं सरळ ठेवली, ती तिच्या हातांना सवय होती म्हणून. पुष्कळ पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "मग हिवाळ्यापासून रोज वर्गात जायचीस कशी गं? कुणी काही सांगत नाही, कुणी बघत नाही."

"थोरलीचे घ्यायचे ना," धाकटी म्हणाली, त्यात काय विचारायचं अशा सुरात. "तिला 'खांदा' म्हणाल्या की मी माझाही खाली घ्यायचे. तिला 'इथून' म्हणून पाठीला बोट लावलं की मी माझ्या पाठीला लावलंय असं समजायचे. त्या तिला सांगायच्या, मी मला सांगायचे. टाच नाही आली शेवटपर्यंत. पण खांदा आला माझा."

ब्रेकबाईनं जन्मात पहिल्यांदा भररस्त्यात गाडी थांबवली, तीही 'गाडी लावू नये' ह्या पाटीच्या बरोब्बर खाली. मागचे भोंगे वाजवायला लागले. टपावर 'शिकाऊ' लिहिलेलं होतं म्हणून एकानं काच खाली करून "आधी शिका, मग रस्त्यावर या" असंही सुनावलं. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून मागे वळून बघत राहिली. त्या खोलीत थोरलीचा पाय कानाच्या रेषेत गेला तेव्हा तिला वाटलं होतं, याहून मोठं काही मी बघणार नाही. आणि शेजारीच हे चाललेलं होतं. चौदा वर्षांचं पोर, ज्याच्यावरची नजर उठली आहे हे त्याला कळलंय, रोज उभं राहतंय आणि दुसरीच्या ताटातलं उचलून स्वतःला वाढून घेतंय, चेहऱ्यावर काही न दिसू देता. तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि जुळ्या म्हणून हसली होती.

"बाई," नवरा हळूच म्हणाला, "पोलीस येतोय." मग तिनं गाडी काढली.

राखून ठेवलेली जागा धाकटीच्या कामी आली. मुख्याध्यापिकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. चेहरा तर तोच होता. धाकटी त्या शाळेत रमली, पहिलं वर्षभर वर्गात इतकी ताठ बसायची की मागचे तिला 'पट्टी' म्हणायचे, आणि नंतर तिला शरीरशास्त्राचं वेड लागलं. सांध्यांची चित्रं भिंतीवर लावायची. थोरली वरच्या विभागात गेली. तिचे फोन येत, आणि फोनवर बहिणीचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आज किती पडले?" थोरली मग सगळे पाठ म्हणून दाखवायची, आणि धाकटी स्वयंपाकघरात ओट्याला धरून तेवढे करून बघायची. बाई ओल्या हातांनी दारात उभी राहून बघायची आणि आत जायची नाही.

मुली अठराच्या झाल्या तेव्हा धाकटी म्हणाली, "मला गाडी शिकव." नवरा म्हणाला, "आईकडून शिकू नकोस, घर मोडेल." पण धाकटी आईकडेच शिकली. ऐकलेलं न विसरणारी पोर ती. पहिल्या आठवड्यात बाईचं तोंड नेहमीसारखं चाललं, दुसऱ्यात कमी झालं, आणि एका सकाळी दोघी निघाल्या तेव्हा रस्ता ओला होता, वाहतूक फार नव्हती, आणि धाकटी गाडी अशी चालवत होती की बाईला आपली गाडी नवीन वाटली. आरसा वेळेवर, क्लच लोण्यासारखा. चढावर एका ट्रकमागे थांबावं लागलं, तिथून निघताना गाडी बोटभरही मागे आली नाही. बाईचा पाय तिच्याही नकळत ब्रेकवरून उठला आणि सीटखाली जाऊन बसला. परत येताना चौक आला, गेला. बाई एक अक्षर बोलली नव्हती.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की धाकटीची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली आहेत. जबडा आवळलेला होता. गाडी सुरेख चालली होती आणि पोरीचा श्वास अडकल्यासारखा झाला होता.

"आई."

"हं?"

"बोल ना काहीतरी."

'अगं, गप्प म्हणजे पास,' हे शब्द बाईच्या अगदी ओठांवर आले, इतक्या वर्षांच्या सवयीनं आले, आणि तिथेच थांबले. ती बसल्या जागी वळली आणि आपल्या मुलीकडे बघायला लागली. कुठे काही चुकतंय का ते शोधायला लागली. ताठ पाठ, सरळ मान, नजर रस्त्यावर. काही म्हणजे काही चुकत नव्हतं. फक्त उजवा खांदा जरासा कानाकडे चढला होता.

"खांदा," ब्रेकबाई म्हणाली.

खांदा खाली आला. धाकटीनं भला मोठा श्वास सोडला, आणि तिची बोटं सैल झाली.

"पुन्हा," बाई म्हणाली. "चढला बघ. हं. आता हनुवटी." पूल येईपर्यंत ती बोलतच राहिली.